न चढलेली भांग

चौकीवरचा फोन वाजला तेव्हा सब-इन्स्पेक्टर रत्नाकर पाठराबे रविवारची दाढी करत होता. अर्धा गाल मोकळा, अर्धा साबणाचा.

"दरोगाजी, लवकर या!" पलीकडून कारखान्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर मुरलीधर ओरडत होता. "बाबारावचं भलतंच काही होऊन राहिलं. भिंतीवरच्या मुंग्या वेचतो म्हणते. अन् भिंतीवर एक मुंगी असेल तर शपथ!"

"काय खाल्लं त्यानं?"

"खाल्लं नाही जी, पिला. डॉक्टरसाहेबांच्या प्रयोगाची भांग."

रत्नाकरनं तसाच अर्ध्या गालावरून पंचा फिरवला आणि सायकल काढली.

दिवस लढाईचे होते. ब्रह्मदेशात जपानी येऊन बसलेला, आणि इकडे रांझीच्या तोफांच्या कारखान्यात यंत्रं अहोरात्र धडधडत होती. त्या दिवसांत कोणा कामगाराच्या पोटात नुसतं दुखलं तरी साहेब लोकांना घातपाताचा वास यायचा. बाबाराव तर लेथवरचा पहिल्या नंबरचा कारागीर. दवाखान्याच्या पायरीवरच लष्करी मेजरनं रत्नाकरला अडवलं, व्हरांड्यातल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं आणि फर्मान सोडलं. भांग घोटतो तो हा. संध्याकाळी जीप येईल, त्याला तिच्यात बसवा. मग लष्कर आणि तो, बघून घेतील.

तो म्हातारा म्हणजे रामदुलारे चौबे. जन्म भांग घोटण्यात गेलेला, मिशा पांढऱ्याशुभ्र, वय रत्नाकरच्या बापाएवढं. तो उठून काही बोलायला गेला.

"हुजूर, सुनिए तो..."

आणि रत्नाकरनं काय करावं? विचारपूस? छे! मेजर बघत होता, कामगार बघत होते, अंगावर खाकी होती. त्यानं सगळ्यांसमोर म्हाताऱ्याच्या थोबाडीत ठेवून दिली. पागोटं उडून पायरीवर पडलं. शिपायानं रामदुलारेला चौकीकडे नेलं. लष्कराच्या जीपमध्ये गेलेला माणूस लढाई संपेपर्यंत घरी येत नसे, आणि कधी कधी त्यानंतरही येत नसे. हे रत्नाकरला ठाऊक होतं.

आत खाटेवर बाबाराव हवेतला न दिसणारा दोरा गुंडाळत होता. त्याच्याशेजारी डॉक्टर श्रीरंग वझलवार बसले होते. माणूस हुशार, एकटा, देवाधर्माच्या भानगडीत न पडणारा. त्यांचं घर म्हणजे दवाखान्यामागची एक खोली आणि तीत छतापर्यंत पुस्तकं.

"डॉक्टर, भांग जास्त झाली का?"

"ही भांग नाहीच." डॉक्टरांनी बाबारावची पापणी वर केली. "भांगेनं डोळे लालबुंद होतात. भूक खवळते, त्यातून गोडाची. माणूस हसत सुटतो नाही तर झोपतो. याचा डोळा बघा, पांढरा स्वच्छ! आणि बाहुली केवढी मोठी. घसा कोरडा, अंग भट्टीसारखं. हा धोतरा आहे."

"वाचेल?"

"पोट धुतलंय. फार गेलेला नाही. संध्याकाळपर्यंत ताळ्यावर येईल. आणखी दोघांचे घसे कोरडे पडलेत, पण ते चालते-बोलते आहेत."

"प्रयोग कसला आहे, तेवढं नीट सांगा."

डॉक्टरांचा चेहरा तेवढ्यातही उजळला. दिल्लीला एक प्रश्न पडला होता. आपला कामगार सुटीच्या दिवशी भांग पितो, तर त्यानं त्याचा हात बिघडतो का, नाडी बिघडते का, तोफेच्या भागात केसभर चूक होते का? डॉक्टरांनी स्वखुशीनं आलेल्या कामगारांच्या दोन टोळ्या केल्या. दर रविवारी दोघींना एकसारखं हिरवं पेय. एका टोळीच्या पेयात खरी भांग, दुसरीच्या पेयात नुसत्या वाळवलेल्या पालकाची भुकटी. दोन्हींत बडीशेप, मिरे, गुलाबपाकळी सारखीच, म्हणजे वासाचवीवरून कळायला नको. मग पितळी पट्टीच्या बारीक भोकांत सुया ओवायला लावायच्या आणि हात किती थरथरतो ते बघायचं.

"पिणाऱ्याला कळता कामा नये आपण काय पिलो. आणि मोजणाऱ्यालाही, म्हणजे मलाही, कळता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर मन आपलंच खरं करतं. म्हणून पुड्या बांधायला तिसरा माणूस हवा होता. डोळे मिटून विश्वास टाकावा असा."

तो तिसरा माणूस कोण, हे रत्नाकरला सांगायची गरजच नव्हती. ते त्याचे वडीलच. बापू पाठराबे, गोरखपुर मोहल्ल्यातल्या मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. चहाला न शिवणारे, जन्मभर व्यसनाविरुद्ध भाषणं दिलेले. त्यांच्या वर्गात काही चोरीला गेलं की ते कोणाची झडती घेत नसत. फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "ज्यानं केलं असेल त्यानं उभं राहावं. मी पाहून नाही राहिलो." आणि पोरगं उभं राहायचंच! बाबारावही त्याच वर्गात शिकलेला. अर्ध्या कारखान्याला बापूंनी बाराखडी शिकवली होती.

"मग प्रयोगात निघालं काय?"

"मजा आहे," डॉक्टर खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "अहवालासाठी बापूंची यादी उघडून आकडे जुळवले. सुरुवातीला भांगवाल्यांचे हात चांगलेच थरथरायचे. पावसाळा लागला आणि दोन्ही टोळ्या सारख्या झाल्या! शरीर भांगेला सरावतं, पुढं तिचा परिणामच उरत नाही. हा माझा शोध. दिल्लीचा लखोटा तयार आहे."

टेबलावर लाखबंद लखोटा होता. डॉक्टर त्याच्याकडे बापानं पहिल्या लेकराकडे बघावं तसं बघत होते.

रत्नाकरनं मुरलीधरला कपाट उघडायला लावलं. भांगेचा डबा तराजूत घातला, तर वजन वहीतल्या हिशेबाशी चोख. आतली भांग डॉक्टरांनी चोळून, हुंगून पाहिली, शुद्ध होती. मग पालकाचा डबा उघडला. आत खडखडाट.

"अरे?" डॉक्टर चकित झाले. "पनागरहून पोतंभर पालक आणून वाळवला होता. होळीपर्यंत सहज पुरायला हवा. भादव्यातच कसा संपला?"

रत्नाकर मुरलीधरकडे वळला.

"पुड्या कोण बांधते?"

"तुमचे बापूच, जी. शनिवारी, त्या कोठडीत, एकटेच बसून."

"मग?"

"मला देतात. मी कपाटात ठेवतो. रविवारी सकाळी रामदुलारेला देतो."

"म्हणजे रात्रभर पुड्या तुझ्या ताब्यात. कुलूप तुझं, किल्ली तुझी."

मुरलीधरच्या तोंडचं पाणी पळालं. "माझ्याच ताब्यात, पण मी काहून हात लावू? चक्रधरस्वामींची आण घेतो, पुडीचा दोरा सोडला असेल तर!"

"आणेवर कोणी सुटत नाही, मुरलीधर."

व्हरांड्यात रामदुलारेचा पाटा-वरवंटा तसाच पडून होता. गाळायचं फडकं चोथ्यासकट वाळत आलं होतं. रत्नाकरनं ते उलगडलं. हिरव्या चोथ्यात एक लाल ठिपका दिसला. नखानं काढला तर तांदळाचा दाणा, कुंकवात घोळलेला. त्यानं तो कागदात बांधून खिशात टाकला. भांगेत तांदूळ कोण घालतं?

चौकीत रामदुलारे भिंतीला टेकून बसला होता. गालावर बोटं उमटली होती. रत्नाकरला त्या गालाकडे बघवेना, म्हणून तो गजांकडे बघत बोलला.

"हा दाणा तुमच्या चोथ्यात सापडला. काय आहे?"

म्हाताऱ्यानं दाणा तळहातावर घेतला. "अक्षत है। लेकिन हमारे यहाँ का नहीं। हम तो सफ़ेद चढ़ाते हैं, या हल्दी वाला। लाल अक्षत तो आप मराठी लोगों के घर में देखा है।"

"पुडी सोडली तेव्हा काही वेगळं वाटलं?"

"आज ही क्या, कई इतवार से किसी पुड़िया में भाँग की बास ही नहीं थी।"

"अन् हे तुम्ही आत्ता सांगून राहिले?"

"मैं समझा सरकारी माल है, ऐसा ही होता होगा।" रामदुलारेनं दाणा परत दिला. "और पूछा किसने, दरोगाजी? पहले तो हाथ चला।"

रत्नाकर बाहेर आला. कान गरम झाले होते. दारातच प्रयोगातले दोन कामगार बाबारावची खबर घेऊन आले होते, त्यांना त्यानं विचारलं, "रविवारची चढते का रे?"

दोघं एकमेकांकडे बघून हसले. "कुठची चढते, साहेब! फुकटची म्हणून पितो. मला वाटे मी पालकवाला आहो."

"घ्या! मलेही तेच वाटे," दुसरा म्हणाला.

दवाखान्यातल्या यादीप्रमाणे त्यातला एक तर भांगवाल्या टोळीतला होता.

उन्हं कलायला लागली तसा रत्नाकर चार घास खायला घरी गेला. क्वार्टर जवळच होतं. शैलजानं ताट वाढलं.

"बापू कुठे आहेत?"

"निजले आहेत. आता उठतील अन् शिरा मागतील. साखर कंट्रोलची, मी आणू कुठून?" शैलजाचं तोंड सुरू झालं. "पण रागावू तरी कशी? सासूबाई गेल्यापासून घास उतरत नव्हता त्यांच्या घशाखाली. रात्र रात्र टक्क जागे. आता दोन दोन वेळा भात घेतात, पोरासारखे हसतात काय, घोरतात काय! फक्त डोळे लाल असतात. धुपाचा धूर, दुसरं काय."

रत्नाकरचा हात ताटातच थांबला.

"अन् तुमचं ते निर्माल्याचं पोतं," ती पुढे म्हणाली. "श्रावणापासून म्हणून राहिली, ग्वारीघाटला नेऊन नर्मदेत सोडा. तुम्हाला सवड नाही. शेवटी बापूंनीच उपसायला घेतलं. काल पिशवीभर घेऊन गेले."

"शैलजा, श्रावणी सोमवारी महादेवाला काय वाहिलं होतं?"

"बेल. अन् मग शेजारच्या दीदीनं धोतऱ्याची फुलं-फळं दिली, तीही वाहिली मी. बापू तापानं पडले होते ना तेव्हा, मीच पूजा केली. काहून? काय झालं? अहो, जेवा ना!"

तो उठला होता. पडवीतल्या पोत्यात त्यानं हात घातला. वाळकी पानं, कुस्करलेली फुलं, धोतऱ्याचं एक काटेरी बोंड, आणि सगळ्याला चिकटलेले लाल तांदूळ. हातावरचे दाणे त्यानं झटकले, ते झटकले जाईनात. त्याला वाटलं, इथंच पोतं पेटवून द्यावं. काडीपेटी खिशात होती. कोणाला कळणार होतं? एक भांगवाला म्हातारा जीपमध्ये बसून गेला असता, आणि पाठराबे मास्तर पाठराबे मास्तरच राहिले असते. हा विचार आपल्या डोक्यात आला, याचीच त्याला इतकी लाज वाटली की खिशाकडे गेलेला हात त्यानं मागे घेतला.

मागे खोकल्याचा आवाज आला. बापू दारात उभे होते, डोळे लाल, चेहऱ्यावर झोपेचं गोड हसू. "शिरा झाला का ग, शैलजा?"

"बापू," रत्नाकर म्हणाला, "बाबाराव आजारी आहे. दवाखान्यात चला."

"कोण बाबाराव?"

"तुमचा. आजची भांग पिऊन पडला. धोतरा गेला पोटात."

बापूंचं हसू जागच्या जागी विझलं. पोत्याकडे त्यांची नजर गेली, परत आली. त्यांनी काठी घेतली, टोपी घातली आणि निघाले. 

दवाखान्यात बाबाराव ताळ्यावर आला होता, अंगावर घोंगडी घेऊन खाटेवर पडला होता. डॉक्टर आणि मुरलीधर दोन बाजूंना बसले होते. शिपायानं रामदुलारेला आणलं होतं, हातांना दोरी. बापूंना खुर्ची दिली. बाहेर जीप येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

"माणूस हवा ना त्यांना," रत्नाकर म्हणाला. "पहिल्यांदा ऐका काय झालं ते. डॉक्टर, तुमचा शोध खोटा आहे."

"काय म्हणता!"

"शरीर सरावलं नाही. दोन्ही टोळ्यांचे हात सारखे झाले, कारण दोन्ही टोळ्या एकच वस्तू पिऊन राहिल्या होत्या. पालक. म्हणून कोणाला चढत नव्हती. म्हणून होळीपर्यंतचा पालक भादव्यात संपला, दुप्पट वेगानं लागत होता ना! अन् भांगेच्या डब्याचं वजन मात्र चोख, कारण भांग रीतसर बाहेर निघतच होती. पुडीत जात नव्हती, एवढंच."

"मग जात कुठे होती?"

"कोणाच्या तरी पोटात. हा घातपात नव्हे, डॉक्टर, चोरी आहे. विष घालणाऱ्याला महिनोन्‌महिने पालक पाजायची काय गरज? चोराला हवी होती फक्त भांग. पालक संपला तशी पंचाईत झाली. आणखी मागावा तर विचारणार, इतक्यात कसा संपला? मग त्याला घरातला वाळका पाला आठवला. देवाचं निर्माल्य. बेलाचं पान, देवाला वाहिलेलं, त्यानं कोणाचं काय वाईट होणार? चुरून पुडीत बांधलं. त्यात श्रावणातला धोतरा होता, हे त्याला माहीत नव्हतं. वाळल्यावर सगळा एकच चुरा. त्यातला मोठा वाटा बाबारावच्या पेल्यात गेला."

रत्नाकरनं कागदातला लाल दाणा टेबलावर ठेवला.

"ही खूण चोथ्यात निघाली. कुंकवाची अक्षत. रामदुलारेजींच्या घरी अक्षत पांढरी नाहीतर हळदीची. म्हणजे घर मराठी. पुड्यांना हात लागणारी मराठी माणसं किती? डॉक्टर, तुमच्या घरी देवच नाही. मुरलीधर..."

"मी नाही जी!" मुरलीधर रडकुंडीला आला.

"तू नाही. सकाळी तू चक्रधरस्वामींची आण घेतली. तू महानुभाव, तुझा देव श्रीकृष्ण. महादेवाचा बेल अन् धोतरा तुझ्या घरात येईल कुठून? मला तेव्हाच उमजायला हवं होतं. मला उमजायचं नव्हतं."

एवढं बोलून तो थांबला. आता एकच नाव उरलं होतं आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. डॉक्टर जमिनीकडे बघू लागले. भोंगा पुन्हा वाजला.

ज्या माणसानं आपल्याला खरं बोलायला शिकवलं, त्याचं नाव चोर म्हणून घ्यायचं? तो वळला. सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला.

"ज्यानं केलं असेल," तो कसाबसा म्हणाला, "त्यानं उभं राहावं. मी पाहून नाही राहिलो."

खिडकीबाहेर जीपचा ड्रायव्हर विडी ओढत होता. मागे कोणी हालेना. मग काठी जमिनीला टेकल्याचा आवाज आला आणि खुर्ची करकरली.

"मी," बापू म्हणाले.

आवाज वर्गातलाच होता, फक्त फुटलेला.

"दुसऱ्याला पाजतो ती वस्तू आहे तरी काय, म्हणून एकदा चाखली. त्या रात्री झोप लागली रे. तुझी आई गेल्यापासून पहिली झोप. हसू आलं. मग सोडवेना. ठेक्याच्या दुकानात उघड मिळते, चार पैशांत मिळते. पण त्या रांगेत माझेच विद्यार्थी उभे असतात. त्यांच्या मागे मी कसा उभा राहू? त्या लाजेपायी चोरी केली, अन् त्या चोरीपायी या पोराला विष पाजलं. दुपारी तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हाच बोलायला हवं होतं. वाटभर जीभ उचलली नाही. या चौब्यांना घेऊन जातील अन् माझं झाकलं जाईल, असंही मनात आलं माझ्या."

"माझ्याही," रत्नाकर खिडकीकडेच बघत म्हणाला.

डॉक्टरांनी दिल्लीचा लखोटा उचलला, क्षणभर हातात धरला आणि खणात टाकला. "विश्वासच मोजायचा राहिला," ते स्वतःशीच पुटपुटले.

रत्नाकर वळला, पण बापूंकडे त्याला अजून बघवत नव्हतं. तो सरळ रामदुलारेकडे गेला आणि त्याच्या हातांची दोरी सोडली. दाराबाहेर कामगार गोळा झाले होते. शिपाई बघत होता, मुरलीधर बघत होता. सकाळी बघणारे जवळजवळ सगळेच होते. त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हाताऱ्यासमोर वाकला.

"माझं चुकलं. तुम्हाला बोलू न देता मारलं."

रामदुलारेनं मनगटं चोळली. "लगा तो था, बेटा," तो म्हणाला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. पागोटं सावरून भिंतीशी उभा राहिला, आणि रत्नाकरला वाटलं, हेही आपल्याला मिळायलाच हवं होतं.

मग त्यानं बापूंकडे पाहिलं. बापूंनी दोन्ही हात दोरीसाठी पुढे केले होते. मान छातीवर पडली होती.

तेवढ्यात खाट वाजली. बाबाराव खाटेच्या दांडीला धरून उठत होता. पाय लटपटत होते, घोंगडी खाली पडली, तरी तो उठला आणि ताठ उभा राहिला. त्याला बघून मुरलीधर उठला. दारातले उकिडवे बसलेले कामगार एकेक करून उभे राहिले. मास्तर उभे असताना बसायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. ते खुद्द मास्तरांनीच शिकवलं होतं.

बापूंनी मान वर केली आणि त्यांना तसं उभं पाहिलं. मग मात्र म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बसा रे," ते हात जोडून म्हणाले. "पोरांनो, आता माझ्यासाठी उभे नका राहू. बसा."

कोणी बसलं नाही.